अश्वआहारात प्रथिनांचे स्थान

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी घोड्यांची प्रसिद्ध यात्रा भरते. तेथे घोड्याची पारख त्याची चाल, बांधा आणि कांती यांवरून होते. हा बांधा शिंगरूपणीच घडू लागतो आणि त्यात वंशाइतकाच आहाराचाही वाटा असतो. म्हणूनच चंदीत प्रथिनांची भर केव्हा व किती घालावी, हे अश्वपालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथिने म्हणजे ताकद, असा एक समज आहे. वस्तुतः धावण्यासाठी वा ओझे वाहण्यासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः वैरण व धान्य यांतून मिळते. प्रथिनांचे कार्य स्नायू, खूर, केस व दूध घडविण्याचे होय. गरजेपेक्षा अधिक दिलेल्या प्रथिनांतील नत्र मूत्रावाटे बाहेर पडते. जनावर पाणी अधिक पिते, तबेल्यात अमोनियाचा दर्प येतो आणि खर्च वाया जातो.

विश्रांतीतील प्रौढ घोड्यास शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज सुमारे सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजेच ३०० किलो वजनाच्या घोड्याची गरज सुमारे ३७५ ग्रॅम होते. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने अवघी ४ टक्क्यांच्या आसपास असतात. सहा किलो कडब्यातून २४० ग्रॅम मिळतात. सुमारे १३५ ग्रॅमची तूट उरते. सोयाबीन पेंडीत ४५ टक्के प्रथिने धरल्यास ३०० ग्रॅम पेंडीने ही तूट भरून निघते. चांगली लसूणघास मिळत असल्यास पेंडीची गरज कमी होते. दुभत्या घोडीची गरज मात्र दुपटीहून अधिक असते. वाढत्या शिंगरांनाही वजनाच्या मानाने अधिक प्रथिने द्यावी लागतात.

प्रमाणाइतकाच प्रथिनांचा दर्जाही महत्त्वाचा आहे. लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडल्यास शिंगराची वाढ खुंटते. सोयाबीन पेंडीत ते विपुल असते. भुईमूग पेंडीत तुलनेने कमी. शिवाय बुरशी लागलेली भुईमूग पेंड विषारी ठरू शकते. कच्चे सोयाबीन पचनास बाधक असल्याने ते उष्णताप्रक्रिया केलेलेच असावे. गाईम्हशींचे तयार पशुखाद्य घोड्यास कधीही देऊ नये. त्यात मोनेन्सिन हे औषध असल्यास घोड्याच्या जिवावर बेतते. युरियाचाही घोड्यास गाईसारखा उपयोग होत नाही.

खांद्यापर्यंत सुमारे ८६ सेंटिमीटर उंचीच्या लघुअश्वांबाबत विशेष दक्षता हवी. ही जनावरे थोड्या खाद्यावरही स्थूल होतात. त्यांची धान्याची चंदी कमी करताना प्रथिने मात्र कमी होऊ देऊ नयेत. केवळ मोजक्या कडब्यावर असलेल्या ९० किलोच्या लघुअश्वास दिवसाकाठी सुमारे १३० ग्रॅम सोयाबीन पेंड पुरते. वजन उतरविण्यासाठी त्यास उपाशी ठेवणे धोक्याचे आहे. त्याने रक्तातील चरबी वाढून प्राणावर बेतू शकते.

कोणताही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा. पेंड ओंजळीने न देता तराजूवर तोलून द्यावी, स्वच्छ पाणी व मीठ सदैव उपलब्ध असावे आणि गाभण घोडी व शिंगरे यांचा आहार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावा. ग्रामपंचायतींनी यात्रेपूर्वी अशा मार्गदर्शनाची सोय केल्यास ज्यांचे पोट घोड्यावर चालते, त्या कुटुंबांना त्याचा मोठा लाभ होईल.