सहा भाकरींची बॅटरी

जालन्याहून लोणार नव्वदच्या आसपास किलोमीटर. रामनगर, वाटूर फाटा, मंठा, मग पूर्णा नदी ओलांडली की बुलढाणा जिल्हा लागतो. गेल्या एप्रिलमध्ये हे अंतर एकट्याने ई-सायकलवर जायचं मी ठरवलं, तेव्हा घरच्यांनी विचारलं, "चार्जिंग कुठं करणार?" ही काळजी रास्त होती. वाऱ्याचं काय करणार, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मलाही ते सुचलं नव्हतं.

सायकलच्या खोक्यावर 'रेंज ८० किमी' असं छापलेलं होतं. असल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी बॅटरीत आहे तरी किती, ते बघू. माझी बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची. गुणाकार केला की ३६० वॅट-तास, म्हणजे एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. मोटर आणि तिच्या कंट्रोलरमधली गळती वजा जाता चाकापर्यंत २८० वॅट-तास पोचतात असं धरू.

हा आकडा ताटात मांडला की लवकर कळतो. ज्वारीची एक मोठी भाकरी साधारण २०० किलोकॅलरींची, म्हणजे सुमारे २३० वॅट-तासांची. पण आपले स्नायू त्यातला जेमतेम पाचवा-चौथा हिस्साच पायडलला देतात, बाकीची उष्णता होते आणि घामावाटे जाते. म्हणजे एका भाकरीमागे पायडलवर पन्नासेक वॅट-तास. या हिशेबाने माझी अडीच-तीन किलोची बॅटरी साडेपाच भाकरींची झाली. सहा म्हणू या, पाहुण्याला अर्धी जास्तच वाढतात.

या सहा भाकरींवर किती जाता येतं? मी, सायकल आणि सामान मिळून १०० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर टायरच्या घर्षणाचा विरोध सात न्यूटनच्या आसपास असतो. ताशी २० किलोमीटरला हवेचा विरोध नऊ-दहा न्यूटन. दोन्ही मिळून सुमारे ९० वॅट लागतात. पायडल न मारता नुसत्या मोटरवर बसून राहिलो तर बॅटरी साठेक किलोमीटर नेईल. निम्मा जोर मी लावला तर दुप्पट. म्हणजे कंपनीचे ८० खोटे नाहीत, फक्त त्यात माझ्या मांड्यांचा वाटा धरलेला आहे.

वेग ताशी २५ केला की तीच बॅटरी साठऐवजी पंचेचाळीस किलोमीटरवर संपते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आपल्याकडे २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ च्या आत धावणाऱ्या ई-सायकलला नोंदणी आणि लायसन लागत नाही. ती मर्यादा सुरक्षिततेसाठी आहे, पण बॅटरीच्याही भल्याची आहे.

आता वारा. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. लोणार जालन्याच्या पूर्वेला, त्यामुळे जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर. ताशी १५ किलोमीटरचा वारा म्हणजे झाडाची बारकी फांदी हलवणारा, आपण ज्याला वाराही म्हणत नाही असा. पण ताशी २० ने त्याच्यावर चालून गेलात तर अंगावर हवा येते ती ताशी ३५ ने, आणि विरोध तिप्पट होतो. साठ किलोमीटरची बॅटरी अठ्ठावीसवर येते. चढ यापेक्षा प्रामाणिक म्हणायचा. १०० मीटर उंची चढायला बॅटरीचा दहावा हिस्सा लागतो, आणि चढ दिसतो तरी.

पहाटे वारा पडलेला का असतो, यालाही कारण आहे. रात्री जमीन गार होते, तिला लागलेली हवा गार आणि जड होऊन खाली बसून राहते, आणि वरचा जोराचा वारा तिच्यावरून निघून जातो. उन्हं चढली, काळी जमीन तापली की हवेचे लोट वर उठतात, वरची हवा खाली येते आणि येताना आपला वेग बरोबर आणते. म्हणून साडेनऊ-दहानंतर रस्त्याकडेची बाभूळ हलायला लागते. जुने शेतकरी उफणणीला वाऱ्याची वेळ बघून तिवईवर उभे राहायचे, तो हाच हिशेब.

मी मात्र साडेआठला निघालो. वारा पाठीशी होता म्हणून मंठ्यापर्यंतचे साठ किलोमीटर मजेत गेले. मंठ्याजवळच्या एका ढाब्यावर दुपारी एकला पोचलो तेव्हा बॅटरीचे दोन कांडे शिल्लक होते. पत्र्याखाली फ्रीजशेजारी प्लग मिळाला. चार्जर लावला, तर दिवा हिरवा. हिरवा म्हणजे पूर्ण भरली! मी खूश. शेवभाजी खाऊन उठलो, बघतो तर कांडे दोनच.

ढाब्याचे मालक येऊन बॅटरीवर हात ठेवून म्हणाले, "तापलीय ना ती मामा. बैल औताचा सोडला की लगीच पाणी दावत्यात का? सावलीला टाका जरा."

त्यांनी निदान अचूक केलं होतं. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर तापलेली असताना भरायची नसते. आत ग्रॅफाइटच्या पट्टीवर एक पातळ संरक्षक थर असतो. जास्त उष्णतेत तो बिघडतो आणि पुन्हा जमतो, आणि दर खेपेला थोडं लिथियम त्यात कायमचं अडकून बसतं. तेवढी बॅटरी म्हातारी होते. हे टाळायला आत एक छोटं सर्किट तापमानावर नजर ठेवून असतं. विजेवरच्या महागड्या मोटारीत बॅटरी थंड करायला पाणी फिरतं, सायकलच्या बॅटरीला फक्त नकार देता येतो. सर्किटने विजेची वाट बंद केली, चार्जरला वाटलं काम संपलं, आणि त्याने हिरवा दिवा लावला. लिंबाखाली बाजेवर तासभर ठेवल्यावर दिवा लाल झाला. मग पाच तास तिथेच. दोन अँपिअरचा चार्जर याहून घाई करत नाही. खर्च झाला अर्ध्या युनिटच्या आत. पैसे विचारले तर मालक म्हणाले, चहाचे तेवढे द्या.

महामार्गांवर आता ठिकठिकाणी मोटारींची चार्जिंग स्टेशनं उभी राहताहेत. त्यांची जाडजूड नळी सायकलच्या काही कामाची नाही. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, तोही दुचाकीला बंद. ई-सायकलवाल्याचं सगळं भागतं ते भिंतीतल्या साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर, म्हणजे ढाबा, भक्तनिवास, पंक्चरचं दुकान इथे. मला सरकारकडे काही मागायचं असेल तर एवढंच, की एसटी स्टँडच्या सावलीत असे चार प्लग द्या, पैसे घेऊन द्या.

सोबत सौर पॅनल न्यायचं का, असंही मनात आलं होतं. २०१६ मध्ये मुंबई आयआयटीच्या सुशील रेड्डी यांनी सौर पॅनल ओढणाऱ्या ई-सायकलवर ७९ दिवसांत देशभर सुमारे ७,४०० किलोमीटर प्रवास केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आपल्या उन्हात १०० वॅटचं पॅनल दिवसाला माझी बॅटरी एकदा भरेल, हेही खरं. पण पॅनल म्हणजे वाऱ्याला अडवा उभा केलेला दरवाजा, आणि तो जेव्हा सर्वांत जास्त कमावतो त्या वेळी शहाणा माणूस लिंबाखाली असतो. महिनाभराच्या प्रवासाला ठीक, दोन दिवसांना नको.

पूर्णेच्या अलीकडे वेड्या बाभळीचा काटा मागच्या चाकात शिरला. मोटर त्याच चाकात. ओगडेन बोल्टन या अमेरिकनाने १८९५ साली पेटंट घेतलं तेव्हाच त्याने मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवली होती आणि तेव्हापासून पंक्चरवाल्यांचे हाल ठरलेले. पंक्चरवाल्याने वायर बघून चाक खोललंच नाही. एका बाजूने टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, टबात फिरवून बुडबुडा शोधला आणि तिथेच चिकटवून परत कोंबली. दहा मिनिटं.

लोणारला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं तिथलं विवर सकाळी काठावर उभं राहून पाहिलं, आणि वारा सुटायच्या आत निघालो. तरी मंठ्यानंतर तो तोंडावर आलाच. शेवटचे बावीस किलोमीटर मोटर बंद होती.

तुम्ही निघणार असाल तर जाताना पहाटे पाचला निघा, परतताना चारला. चार्जर पिशवीत वर ठेवा, आणि दिवा हिरवा दिसला तरी बॅटरीला हात लावून बघा.