विषाणू न मारणारी विषाणूविरोधी औषधं

गैरसमज : अँटिव्हायरल गोळी विषाणूला मारते.
बहुतेक अँटिव्हायरल औषधं विषाणूला मारत नाहीत, त्याची वाढ अडवतात. पेशीबाहेर विषाणू स्वतःची एक प्रतही काढू शकत नाही. त्यासाठी त्याला आपली पेशी लागते, आणि पेशीत शिरायचं तर त्याचं प्रथिन आपल्या प्रथिनाशी जुळावं लागतं. ही जुळणीच होऊ द्यायची नाही, हा काही औषधांमागचा विचार आहे.

एचआयव्हीच्या बाबतीत तो स्पष्ट दिसतो. या विषाणूचं जीपी-120 हे प्रथिन आपल्या पेशीवरच्या सीडी-4 या प्रथिनाला आणि मग सहसा सीसीआर-5 या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं. वारंवार संपर्क येऊनही काही माणसांना लागण का होत नाही, याचं एक उत्तर 1996 मध्ये मिळालं : त्यांच्या सीसीआर-5 जनुकातली 32 अक्षरंच गायब होती, म्हणून ते प्रथिन पेशीवर नव्हतंच. त्यावरून सुचलेलं मॅराव्हिरॉक हे औषध 2007 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते विषाणूला स्पर्शही करत नाही. आपल्याच सीसीआर-5 मध्ये जाऊन बसतं आणि त्याचा आकार बदलतं, त्यामुळे जीपी-120 ला पकड मिळत नाही.

गैरसमज : औषध आपल्या प्रथिनावर बसलं, की विषाणूला पळवाट उरत नाही.
उरते. काही रुग्णांतला एचआयव्ही सीसीआर-5 ऐवजी सीएक्ससीआर-4 हे प्रथिन वापरतो, म्हणून मॅराव्हिरॉक देण्याआधी विषाणूची तशी चाचणी करावी लागते. काही विषाणू तर औषध बसलेलं सीसीआर-5 सुद्धा वापरायला शिकले. शिवाय आपलं प्रथिन आपल्या शरीराच्याही कामाचं असतं. ज्यांच्यात सीसीआर-5 नाही, त्यांना वेस्ट नाइल विषाणूच्या आजाराचा धोका अधिक असतो. याच गटातल्या अॅप्लाव्हिरॉकच्या चाचण्या 2005 मध्ये यकृताला इजा होऊ लागल्यामुळे थांबवल्या गेल्या.

गैरसमज : प्रयोगशाळेत विषाणू थांबला, म्हणजे रुग्णातही थांबेल.
या गैरसमजाची किंमत आपण 2020 मध्ये मोजली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने काचपात्रातल्या पेशींत करोना विषाणू अडवला, आणि त्या मार्चमध्येच आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना ते प्रतिबंधासाठी सुचवलं. लोकांनी स्वतःच्या मनानेही गोळ्या आणल्या. पण काचपात्रातल्या त्या पेशी आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातल्या होत्या. तिथे विषाणू पेशीतल्या आम्लयुक्त पिशव्यांमधून आत येतो, आणि औषध त्यांची आम्लता घटवतं. माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींवर टीएमपीआरएसएस-2 नावाचं विकर असतं. ते विषाणूचं काटेरी प्रथिन पृष्ठभागावरच कापून देतं, त्यामुळे त्या पिशव्यांची गरजच पडत नाही. जर्मन संशोधकांनी मानवी फुप्फुसाच्या पेशींवर हे दाखवलं, तेही त्याच वर्षी. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतही दाखल रुग्णांचे मृत्यू या औषधाने कमी झाले नाहीत. तेव्हा ‘औषधाने विषाणू रोखला’ अशी बातमी वाचली, तर तो कोणत्या पेशींत रोखला, हे आधी पाहा.

गैरसमज : एकदा विषाणू आत शिरला, की अडवण्यासारखं काही उरत नाही.
आतही त्याला आपली प्रथिनं लागतात. एचआयव्हीचं कवच पेशीकेंद्राकडे जाताना सीपीएसएफ-6 आणि एनयूपी-153 या आपल्या प्रथिनांचा आधार घेतं. कवचावर ती जिथे टेकतात, नेमकी तीच जागा लेनाकॅपाव्हिर हे औषध अडवतं. प्रतिबंधासाठी त्याची वर्षाला दोनच इंजेक्शनं पुरतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या 2,134 मुली आणि तरुणींपैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. ही आकडेवारी 2024 मध्ये आली. प्रतिबंधक औषधांत असं यश क्वचितच पाहायला मिळतं. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ते बनवण्याचा परवाना मिळालेल्या कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे.

गैरसमज : रक्तात विषाणू दिसेनासा झाला, म्हणजे गोळ्या थांबवता येतात.
एचआयव्ही आपल्या काही पेशींच्या डीएनएत स्वतःची प्रत घालून ठेवतो. औषध नव्या पेशींना वाचवतं, ती जुनी प्रत काढत नाही. उपचार सुटले, की बहुतेकांत विषाणू काही आठवड्यांतच परत येतो. सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रांत 2004 पासून उपचार मोफत मिळतात; अहवाल कितीही चांगला आला, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.