गोष्टीच्या आत (भाग 4) : चुकलेला चेंडू

मागच्या आठवड्यात आपण मॅडलीन लेंगल यांच्या 'अ रिंकल इन टाइम' या 1962च्या कादंबरीतली माणसं पाहिली. शाळेत सगळ्यांशी भांडणारी मेग मरी, तिचा पाच वर्षांचा अतिहुशार भाऊ चार्ल्स वॉलेस, मित्र कॅल्विन, आणि बेपत्ता वडिलांच्या शोधासाठी या मुलांना अंतराळात नेणाऱ्या तीन अजब बाया. आज स्थळाकडे वळू. कादंबरीत ग्रह बरेच येतात, पण वातावरणनिर्मिती कशी करावी हे शिकायचं तर कॅमाझॉट्झवरच मुक्काम करायला हवा.

या ग्रहाला माया संस्कृतीतल्या वटवाघूळ-देवाचं नाव आहे. तरी मुलं तिथे पोचतात तेव्हा घाबरावं असं काहीच दिसत नाही. राखाडी रंगाची चौकोनी घरं, पुढे हिरवळीचा तुकडा, वाटेच्या कडेला फुलांची सरळ रांग. अंगणात मुलं खेळतायत. मग लक्षात येतं की सगळ्यांचे चेंडू एकाच क्षणी जमिनीला टेकतात आणि उड्या मारणाऱ्या मुलींच्या दोऱ्याही त्याच क्षणी. सगळी दारं एकदम उघडतात, सगळ्या आया एकदम टाळी वाजवतात, आणि मुलं घरात जातात. राक्षस नाही, रक्त नाही. लेंगल यांनी भीती लयीत भरून ठेवली आहे.

एका मुलाचा चेंडू मात्र चुकतो. तो कधी हातातून सुटतो, कधी मुलगा उगाच वर फेकून झेलायला बघतो. आई धावत येऊन त्याला आत ओढते. रस्त्यावर राहिलेला चेंडू परत द्यायला आपली मुलं दार वाजवतात, तर ती बाई भेदरून म्हणते की आमच्याकडे चेंडू पडतच नाहीत. पुढे एका खोलीत तोच मुलगा पुन्हा दिसतो. चेंडू ठेक्यात आपटतोय, आणि प्रत्येक टप्प्याला कळवळून ओरडतोय. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातली सर्वांत क्रूर जागा हीच. शेवटी भेटणारा 'इट', म्हणजे या ग्रहावर हुकमत चालवणारा, धडाविना धडधडणारा मेंदू, तिच्यापुढे फिका वाटतो.

ही लय पुढेही सुटत नाही. 'इट'च्या वतीने बोलणारा, लाल डोळ्यांचा एक माणूस मुलांना वश करायला काय करतो? एकसुरात पाढे म्हणतो. चार्ल्स त्याच्यावर बालगीतं ओरडतो. 'इट'समोर तर मेगचा श्वास आणि छातीचे ठोकेही त्याच्या तालावर पडायला लागतात. तोवर सापडलेले वडील सांगतात म्हणून ती मूलद्रव्यं क्रमाने घोकते, हायड्रोजन, हीलियम, लिथियम... तेव्हा तेच ओरडून सांगतात की यात फार ताल आहे, पाचाचं वर्गमूळ सांग! गणितात हुशार मुलीला लेखिकेने दिलेलं हे हत्यार नेमकं आहे. 2.236 नंतरचे आकडे कितीही पुढे गेले तरी ठरावीक आवर्तनात पडत नाहीत; त्यांच्यावर कुणाला ठेका धरता येत नाही.

म्हणजे नियम वाईट आणि मोकळेपणा चांगला, एवढंच का? इथे लेंगल सावध आहेत. पुढे काय होणार हे आधीच का सांगत नाही, असा प्रश्न निघतो तेव्हा त्या तीन बायांपैकी मिसेस व्हॉट्सिट सुनीताचं उदाहरण देते. ओळी चौदाच, वृत्त आणि यमकाची बंधनं कडक, पण आत काय म्हणायचं ते कवीने ठरवायचं. केशवसुतांनी हा प्रकार मराठीत रुजवला, त्यामुळे आपल्याला हे चटकन कळावं. कॅमाझॉट्झवर साचाही दिलेला आणि आतला मजकूरही.

शीतयुद्धाच्या ऐन भरातलं पुस्तक, म्हणून अनेकांनी हा ग्रह म्हणजे सोव्हिएत रशिया असं सरळ समीकरण मांडलं. मला ते तोकडं वाटतं. 1947पासून न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये एका साच्याची हजारो घरं उभी राहिली होती. राखाडी चौकोन शोधायला अमेरिकन वाचकाला मॉस्कोला जायची गरज नव्हती. 2015 मध्ये हस्तलिखितातून गाळलेली काही पानं प्रसिद्ध झाली. त्यांत मेगचे वडील सांगतात की हुकूमशाहीसारखीच, सुरक्षिततेची अति ओढही माणसांना या वाटेने नेते. संवाद जरा भाषणी आहे, आणि तो गाळला हे कथेच्या दृष्टीने बरंच झालं. चेंडूवाल्या मुलाच्या आईचा चेहरा तेच सांगतो.

शेवटाबद्दल माझी तक्रार आहे. 'इट'च्या तावडीत सापडलेल्या भावाला, चार्ल्सला, मेग प्रेमाच्या बळावर सोडवते. आशय पटतो, पण इतकी काटेकोर उभारलेली लय अवघ्या काही परिच्छेदांत मोडते आणि 'इट'चं पुढे काय होतं ते कळतच नाही.

पुढच्या आठवड्यात इक्सेल ग्रह. तिथल्या प्राण्यांना डोळेच नाहीत, आणि मेगला त्यांना 'दिसणं' म्हणजे काय ते समजावायचं आहे. वर्णनासाठी डोळ्यांवर विसंबणारी लेखिका तिथे काय करते ते पाहू.