मेंढा (लेखा) येथील वनहक्काची सनद

एखाद्या आदिवासी गावाचे कुशल मोजावयाचे झाल्यास सरकारी दप्तरे रस्त्याची लांबी आणि दरडोई उत्पन्न पाहतात. परंतु ज्या अरण्यातून त्या गावाचे अन्न, औषध, देव आणि दिनक्रम सारे काही उद्भवते, त्या अरण्यावर त्याची हुकमत किती, हा प्रश्न त्या रकान्यांत मावत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने, जेथे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसंमतीने होतात, २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काची सनद मिळविली. तरीही त्याच कायद्याने गौण वनोपजात गणलेला बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला, आणि हक्क कागदावर असूनही विक्री अडली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ते रान राखले, त्यांनाच त्यातील बांबू विकण्यासाठी झगडावे लागावे, हा उघड अन्याय होता. परवानापुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले ते २७ एप्रिल २०११ रोजी.