मोटर फिरली, पण थांबेना

"मेकॅट्रॉनिक्स म्हणजे रोबोट." ही सगळ्यात पसरलेली समजूत, आणि तिला खतपाणी कॉलेजंच घालतात. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर एक रोबोटी हात हमखास असतो. पुण्यात तर या समजुतीला वातावरणही मिळालं: एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक देशांतल्या विद्यार्थ्यांची स्पर्धा २००८ आणि २०१४ अशी दोनदा तिथे भरली.

वस्तुस्थिती अशी, की रोबोट हा या विषयाचा देखणा पण लहानसा कोपरा आहे. सेन्सर काहीतरी मोजतो, एखादी चिप त्यावरून निर्णय घेते आणि मोटर किंवा व्हॉल्व्ह तो निर्णय अमलात आणतो, अशी साखळी जिथे आहे तिथे मेकॅट्रॉनिक्स आहे. पाण्याची पातळी ओळखून आत येणारं पाणी बंद करणारं वॉशिंग मशीन त्यातलंच. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सगळ्या नव्या दुचाकींना याच साखळीवर चालणारं एबीएस ब्रेकिंग सक्तीचं झालं. वर्षभराने बीएस-६ हे उत्सर्जनाचं मानक आलं आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार होऊन त्याचं काम सेन्सर आणि चिपकडे गेलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही आता पान्यांच्या शेजारी स्कॅनर ठेवावा लागतो. या विषयाचं नाव मुळात १९६९ मध्ये जपानच्या यास्कावा या मोटर बनवणाऱ्या कंपनीत ठेवलं गेलं, तेव्हा मायक्रोप्रोसेसर बाजारात यायचा होता.

म्हणूनच चांगला लॅब कोर्स रोबोटपासून सुरू होत नाही. तो एका डीसी मोटरपासून सुरू होतो आणि काम दिसायला अगदी किरकोळ असतं: शाफ्ट ९० अंश फिरवा आणि तिथेच थांबवा. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एमई ३३३ या नावाजलेल्या कोर्सचा शेवटचा प्रकल्पही मोटर हव्या त्या जागी नेणारा कंट्रोलर हाच आहे. केव्हिन लिंच आणि सहकाऱ्यांनी त्यावर २०१५ मध्ये पाठ्यपुस्तकही काढलं. त्या प्रकल्पात एकात एक दोन लूप असतात: आतला मोटरीतला करंट सेकंदाला ५००० वेळा सांभाळतो, बाहेरचा शाफ्टची जागा २०० वेळा. फिरवायला पाच मिनिटं पुरतात. थांबवायला सेमिस्टर जातं.

"मोटर आर्डुइनोला जोडली की फिरते"

आर्डुइनो उनो या बोर्डाच्या एका पिनमधून २० मिलिअँपियर घ्यावेत, ४० ही अगदी शेवटची मर्यादा. खेळण्यातली मोटरसुद्धा अडकली तर शेकडो मिलिअँपियर ओढते. मध्ये मोटरीला करंट पुरवणारा ड्रायव्हर हवाच, आणि आपल्याकडच्या लॅबमध्ये तो बहुधा एल२९८ असतो. स्वस्त आहे, दणकट आहे. पण आत जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर असल्यामुळे एक अँपियरला साधारण दोन-तीन व्होल्ट स्वतःच खातो. १२ व्होल्टच्या सप्लायवर हे खपून जातं. ६ व्होल्टच्या बॅटरीवर मात्र मोटरीला मिळायचा दाब दोन-तृतीयांशाच्याही खाली जाऊ शकतो, आणि मुलं कोड तपासत बसतात.

"अडलं म्हणजे कोड चुकलाय"

या एका गैरसमजापायी प्रॅक्टिकलचे जितके तास वाया जातात, तितके बाकी सगळ्यांमुळे मिळून जात नसतील. मेकॅनिकलचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सला बोल लावतो, इलेक्ट्रॉनिक्सची मुलगी गिअरबॉक्सला, आणि दोघं मिळून कोड लिहिणाऱ्याला. बिघाड बहुतेक वेळा यांपैकी कुणाच्याच हद्दीत नसतो. तो दोन हद्दींच्या बांधावर असतो.

सगळ्यात साधा बांध म्हणजे ग्राउंड. मोटरीचा सप्लाय वेगळा, बोर्डाचा वेगळा आणि दोघांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले नाहीत. मग ड्रायव्हरला येणारा सिग्नल पाच व्होल्टचा आहे, पण कशाच्या तुलनेत पाच, हे ठरलेलंच नाही. मोटर कधी फिरते, कधी नाही. वायरला हात लावला की सुरू होते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून बीप येते का एवढं पाहिलं असतं, तर दहा सेकंदांत उलगडलं असतं.

दुसरा बांध वेळेचा आहे आणि तो जास्त फसवा. एक नेहमीची मोटर घेऊ. मागच्या टोकाला फिरणं मोजणारा चुंबकी एन्कोडर, मोटरीच्या एका फेरीला ११ पल्स. दोन सेन्सरच्या चढत्या-उतरत्या सगळ्या कडा मोजल्या की ४४. पुढे १:३० चा गिअरबॉक्स. म्हणजे बाहेरच्या शाफ्टच्या एका फेरीला १३२० काउंट आणि एक काउंट म्हणजे जेमतेम पाव अंश. शाफ्ट मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ६६०० काउंट येतात.

आता आत काय चाललंय ते दिसावं म्हणून कुणीतरी लूपमध्ये सीरियल प्रिंटची एक ओळ टाकतं, वीसेक अक्षरांची. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. वीस अक्षरांना सुमारे २० मिलिसेकंद लागतात. बोर्डाकडे ६४ बाइटचा बफर असतो, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्या सुखाने जातात. बफर भरला की प्रत्येक प्रिंटला प्रोग्रॅम ताटकळतो. त्या २० मिलिसेकंदांत १३२ काउंट होऊन जातात, म्हणजे शाफ्ट ३६ अंश पुढे गेलेला असतो. काउंट लूपमध्येच मोजत असाल तर बरेचसे हरवतात. इंटरप्टवर मोजत असाल तर मोजणी शाबूत राहते, पण थांबायचा हुकूम उशिरा पोचतो. कोड व्याकरणाने बरोबर, वायरिंग बरोबर, मोटर बरोबर. बिघाड बघायला म्हणून घातलेली ओळच बिघाड! ती काढली की सगळं सुरळीत, परत घातली की परत गोंधळ. हे एकदा स्वतःच्या बेंचवर घडलं की 'रिअल टाइम' ही संकल्पना वेगळी शिकवावी लागत नाही.

"सिम्युलेशनमध्ये चाललं म्हणजे चाललंच"

सिम्युलेशन हवंच, त्याशिवाय मोटर जाळत बसणं हा निव्वळ आळस आहे. पण पडद्यावरच्या मोटरीत बहुधा घर्षण नसतं, असलं तरी गुळगुळीत असतं. खऱ्या मोटरीला २५५ पैकी ३०-४० इतका पीडब्ल्यूएम (भरभर चालू-बंद करून दिलेला दाब) दिला तरी ती नुसती गुणगुणते, हलत नाही. (गुणगुणणं खरंच ऐकू येतं, उनोच्या बहुतेक पिनांवर पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा असतो.)

याचा परिणाम बघा. कंट्रोलरमध्ये नुसतं प्रपोर्शनल, म्हणजे चुकीच्या पटीत दाब, ठेवलंय, गेन ५ आणि मोटरीला हलायला ३५ लागतात. शाफ्ट ८७ अंशांवर आला. चूक ३ अंश, कंट्रोलरने दिले १५. मोटर जागची हलत नाही, शाफ्ट ८७ वर गप्प उभा. मुलं म्हणतात, इंटिग्रल, म्हणजे चुकीची साठत जाणारी बेरीज, घालू. इंटिग्रल थेंबाथेंबाने साठत जातं, ३५ ओलांडतं, मोटर झटक्यात सुटते आणि ९३ वर जाते. तिथून उलटा प्रवास. शाफ्ट ९० च्या अवतीभवती हेलकावे खात राहतो. त्यात कुणी शाफ्ट हाताने धरून ठेवला तर इंटिग्रल आत साठतच राहतं आणि हात काढल्यावर शाफ्ट भलतीकडे धावतो. पुस्तकात याला वाइंडअप म्हणतात. हाताला त्याचा झटका बसला की इंटिग्रलवर मर्यादा का घालायची, ते समजावून सांगावं लागत नाही.

याच गैरसमजाचा धाकटा भाऊ म्हणजे "पीआयडीचे (प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह) आकडे सूत्रातून मिळतात". झीग्लर आणि निकोल्स यांची सूत्रं १९४२ सालची, प्रामुख्याने कारखान्यांतल्या संथ प्रक्रियांसाठी काढलेली. ती लावली की उत्तर पहिल्या झेपेत बरंच पुढे जातं, मग हळूहळू स्थिरावतं. भट्टीच्या तापमानाला हे चालेल. ९० अंशांवर थांबायच्या शाफ्टला नाही. सूत्र सुरुवातीचा आकडा देतं. पुढचं ट्यूनिंग त्याच मोटरीवर, त्याच सप्लायवर. उतरलेल्या बॅटरीवर तेच आकडे पुन्हा बिनसतात.

"मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कोडिंग: तिन्ही शाखा आधी पक्क्या हव्यात"

नाही. ओमचा नियम, टॉर्क म्हणजे काय, आणि इफ-एल्सचा एक लूप, एवढ्यावर पहिला महिना निघतो. बाकीचं अडेल तसं शिकता येतं, आणि असं शिकलेलं जास्त टिकतं.

"कारखान्यात आर्डुइनो कुठे असतो?"

नसतो, हे खरंच. चाकणच्या कारखान्यातल्या लाइनवर पीएलसी हा औद्योगिक कंट्रोलर दिसेल, २४ व्होल्टचे सेन्सर दिसतील आणि लॅडर या आकृतीच्या भाषेतला प्रोग्रॅम. पण पीएलसीसुद्धा इनपुट वाचतो, लॉजिक सोडवतो, आउटपुट लिहितो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. स्कॅन टाइमपेक्षा छोटा पल्स आला तर तो त्याला दिसतच नाही. सीरियल प्रिंटने ज्यांची मोटर पळवली, त्यांना हे दुसऱ्यांदा शिकावं लागत नाही. उलट लॅबमध्ये नुसतं पीएलसीवर लॅडर काढायला शिकलेल्यांना काउंटर काउंट का चुकवतो, याचं कोडं पडतं.

"महागडी ट्रेनर किट म्हणजे चांगली लॅब"

इथे माझं मत जरा कडू आहे. ट्रेनर किटमध्ये सगळं आधीच जोडलेलं असतं, वर आकृती छापलेली, पॅच कॉर्ड घालायच्या आणि रीडिंग उतरवायचं. बांध सगळे पेटीच्या आत सीलबंद. मग जर्नलमध्ये आलेख इतका सरळ येतो की बाहेरून आलेल्या परीक्षकालाही संशय यावा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गिअर मोटर, ड्रायव्हर, बोर्ड आणि जंपर वायरी असा संच काही हजारांत जमतो आणि शिकायला जास्त उपयोगी पडतो. पैसे घालायचेच तर ऑसिलोस्कोपवर घालावेत. एन्कोडरचे दोन सिग्नल एकमेकांपासून पाव चक्राने सरकलेले दिसतात की नाही, ते मल्टिमीटर सांगू शकत नाही.

प्रवेशापूर्वी लॅब बघायला गेलात तर किटची किंमत विचारू नका. एका बॅचमध्ये किती मुलं, एका बेंचवर किती, स्कोप कितीजणांत एक आणि संच घरी न्यायला मिळतो का, हे विचारा. आणि जळालेल्या ड्रायव्हरचे पैसे कुणाकडून घेतात, तेही. मुलांकडून घेत असतील, तर त्या बेंचवर एकच मुलगा वायरी जोडतो आणि उरलेले तिघं वही धरून उभे असतात.