सापडेल त्याची की सगळ्यांची?

मळवली स्टेशनवर लोकलमधून उतरायचं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडायचा, की भाजे गाव लागतं. गावाच्या डोक्यावर विसापूर आणि त्याच्या पलीकडे लोहगड. मराठेशाहीत लोहगडावर दीर्घकाळ खजिना राहिला. गडावर लक्ष्मी कोठी नावाची कातळात खोदलेली जागा आहे. सुरतेहून आणलेली संपत्ती या गडावर ठेवली होती असं परंपरा सांगते. पुढे नाना फडणवीसांनी आपली संपत्ती ठेवायला हाच गड निवडला. गडावरचं सोळाकोनी तळंही त्यांनीच बांधलेलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत लोहगड आहे.

पावसाळ्यातल्या रविवारी भाज्याची वाट विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी भरून जाते. धबधब्याखाली भिजून झालं की चौघं-चौघं एखाद्या टपरीच्या आडोशाला बसतात, चहा मागवतात आणि फोन आडवे धरतात. मग ऐकू येतं ते असं: ‘फोर एक्स आहे का कुणाकडे?’, ‘आधी लूट कर, मग पुढे चल’, ‘नॉक झालो, रिवाइव्ह दे!’ म्हणजे कुणी बंदुकीवरची दुर्बीण मागतो, कुणी सापडेल ते उचलायला सांगतो, कुणी पडल्यावर उठवायला बोलावतो. जवळ बसलेल्या वडीलधाऱ्यांना ही गोळीबाराची करमणूक वाटते. ती तेवढीच नाही, हे त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून हा लेख. या मुलांचं निम्मं बोलणं नेमबाजीबद्दल नसतं. कुणाला काय मिळालं, कुणी काय सोडलं आणि कुणी काय दिलं, याबद्दल ते असतं.

फोनवरचे हे खेळ ज्या मोठ्या कुळाच्या जवळचे आहेत, त्याला खेळाडू ‘लूटर-शूटर’ म्हणतात. त्याची मुळं १९९०च्या दशकातल्या ‘डायब्लो’ या संगणक-खेळात आहेत. तिथे तलवारी आणि चिलखतं होती. त्या कल्पनेला बंदुकांची जोड देऊन टेक्ससमधल्या गिअरबॉक्स कंपनीने २००९ मध्ये ‘बॉर्डरलँड्स’ आणला. पुढे ‘वॉरफ्रेम’ (२०१३), ‘डेस्टिनी’ (२०१४), ‘द डिव्हिजन’ (२०१६) अशी रांगच लागली. सगळ्यांचा गाभा एकच. दोघं, तिघं किंवा चौघं मिळून मोहिमेवर जायचं, शत्रू पाडायचा, आणि तो पडला की त्याच्याजवळून काहीतरी जमिनीवर पडतं. ती बंदूक आधीच्या बंदुकीपेक्षा बरी असू शकते. बरी कितपत, ते रंग सांगतो: बहुतेक खेळांत पांढरा साधा, हिरवा-निळा त्याहून वरचा, जांभळा दुर्मीळ, आणि केशरी किंवा सोनेरी उजेडाचा झोत दिसला की चौघंही एकदम ओरडतात.

पण तो सोनेरी झोत कधी दिसणार, हे नशिबावर असतं, आणि खेळाडूंच्या तक्रारींची सुरुवात इथूनच होते. समजा, एखादी बंदूक मिळण्याची शक्यता शंभरात एक आहे. साधा माणूस समजतो, शंभर वेळा खेळलो की मिळेल. गणित तसं नाही. प्रत्येक खेपेला न मिळण्याची शक्यता ९९ टक्के. ती शंभर वेळा स्वतःशी गुणली तर सुमारे ३७ टक्के उरते. म्हणजे शंभर वेळा राबूनही तिघांतला एखादा रिकाम्या हाताने परततो. तीनशे खेपांनंतरही शंभरांतल्या सुमारे पाच जणांना ती मिळालेली नसते. मोठ्या खेळात लाखो खेळाडू असतात. त्यांतले पाच टक्के म्हणजे हजारो माणसं, आणि त्या प्रत्येकाला वाटतं की खेळ आपल्यावरच रुसलाय. म्हणून अलीकडचे बरेच खेळ अपयशाच्या प्रत्येक खेपेनंतर शक्यता थोडी वाढवतात किंवा ठरावीक खेपांनंतर वस्तू देऊनच टाकतात. ही सुधारणा खेळाडूंच्या वर्षानुवर्षांच्या रेट्यामुळे झाली.

‘डेस्टिनी’च्या पहिल्या काही महिन्यांत हा रेटा फार चांगला दिसला. खेळात रहूल नावाचं पात्र होतं. दुर्मीळ वस्तूचं जांभळं गाठोडं त्याच्याकडे नेऊन उघडून घ्यायचं. तो ते उघडायचा आणि आतून निळी किंवा हिरवी, म्हणजे खालच्या दर्जाची वस्तू निघायची. तासन्‌तास खपून मिळवलेलं गाठोडं डोळ्यांदेखत हलकं व्हायचं. या काल्पनिक माणसावर खेळाडू खरोखर चिडले, आणि काही आठवड्यांत बंजी कंपनीला नियम बदलावा लागला: जांभळ्यातून किमान जांभळंच निघेल. त्याच खेळात गॅलरहॉर्न नावाचा रॉकेट लाँचर होता. खेळ सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका फिरत्या व्यापाऱ्याने तो विकायला आणला, तेव्हा अनेकांनी महाग म्हणून सोडला. नंतर तोच सगळ्यांत बलवान ठरला. मग मोठ्या मोहिमांना माणसं जमवताना अट पडू लागली: गॅलरहॉर्न असेल तरच या. नशिबाने ज्यांना तो दिला नव्हता ते दाराबाहेर राहिले. एका वस्तूने मित्रांत आत-बाहेर अशी रेघ ओढली, आणि मला या खेळांचा खरा दोष तिथे दिसतो. बंदुकीचा आवाज हा दोष नाही.

भाज्याला बावीस लेणी आहेत; ‘डेस्टिनी’च्या खेळाडूंचीही एक गुहा प्रसिद्ध आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की एका ठिकाणच्या गुहेच्या तोंडातून शत्रू न थांबता बाहेर येतात. लांब उभं राहायचं, गोळ्या झाडत राहायचं, आणि मग आत जाऊन ढिगातून लूट उचलायची. पण कुणी फार जवळ गेलं की शत्रू येणं थांबायचं. म्हणून एकमेकांना न ओळखणारी माणसं आपोआप एका रेषेत उभी राहू लागली, आणि सगळे थांबले की मगच गुहेत धावू लागली. खेळ बनवणाऱ्यांना हे आवडलं नाही. काही दिवसांतच त्यांनी ती गुहा बंद केली. काही खेळाडू हळहळले, काहींना सुटल्यासारखं वाटलं. डिसेंबर २०२१ मध्ये बंजीने त्या गुहेला नव्या मोहिमेत मानाने परत आणलं. मला या प्रसंगात लोभापेक्षा ती रेषा महत्त्वाची वाटते. कुणी सांगितलेलं नसताना अनोळखी माणसांनी वाटणीचा नियम तयार केला आणि पाळला.

आता वाटणीकडे वळू, कारण सगळ्यांत जास्त मतभेद तिथेच आहेत.

‘बॉर्डरलँड्स’च्या पहिल्या दोन भागांत जमिनीवर पडेल ते जो आधी उचलेल त्याचं. चौघांनी मिळून राक्षस पाडायचा आणि सोनेरी बंदूक मात्र जवळ उभ्या असलेल्याने खिशात घालायची. जिवलग मित्रांत हे चालतं. उलट त्यात मजा येते, हातावर हात मारून देणं-घेणं होतं, ‘तुझ्या कामाची आहे, तूच घे’ असं म्हणता येतं. अनोळखी माणूस आला की सगळं बिघडतं. म्हणून २०१९ च्या ‘बॉर्डरलँड्स ३’ मध्ये निवड दिली गेली: प्रत्येकाला स्वतःची वेगळी लूट दिसेल असा सहकार्याचा प्रकार, किंवा जुना उचलेल त्याचा प्रकार. वेगळी लूट हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दा सोपा आहे: माझ्या श्रमाचं मला मिळावं, त्यासाठी भांडायला लागू नये. जुन्या पद्धतीचे चाहते म्हणतात, प्रत्येकाची लूट वेगळी झाली की शेजारी कोण खेळतोय याने फरकच पडत नाही. ‘डिव्हिजन’ने तर मुद्दामच टोक गाठलं. त्यातल्या ‘डार्क झोन’ या भागात मिळवलेली लूट हेलिकॉप्टरच्या दोराला बांधून बाहेर पाठवावी लागते, आणि तोवर दुसरा खेळाडू तुम्हाला मारून ती पळवू शकतो. तिथे चौघांच्या गटाचं बोलणंच बदलतं. कुणावर भरवसा ठेवायचा, एवढाच विषय उरतो.

लुटीच्या वाटणीचा विचार मराठी माणसाला नवा नाही, आणि तो नेमका याच डोंगररांगांत झाला. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची शिस्त नोंदली आहे. पावसाळ्यात छावणी, दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरी. निघताना प्रत्येकाजवळ काय आहे याची यादी करायची. परतल्यावर झाडा घ्यायचा, आणि यादीपेक्षा जास्त निघेल ते सरकारजमा करायचं किंवा पगारातून वळतं करायचं. कुणी लपवलं तर शिक्षा. बायका, बटकी मोहिमेवर न्यायच्या नाहीत, गाय धरायची नाही. हे चालू शकलं, कारण शिपायाला वेतन होतं. लूट ही त्याची कमाई नव्हती, ती राज्याची होती. पुढे अठराव्या शतकात पेंढाऱ्यांचा जमाव वाढला तेव्हा हा पायाच निघून गेला. त्यांना पगार नव्हता, जे हाती लागेल त्यावर त्यांचं पोट होतं, आणि खेडीपाडी उद्ध्वस्त झाली. खरी लूट आणि पडद्यावरची लूट यांत अंतर आहेच. सुरतेच्या किंवा माळव्याच्या माणसाला जे सोसावं लागलं ते खेळात कुणालाच सोसावं लागत नाही. पण नियम तोच लागू पडतो: माणूस फक्त लुटीवर जगू लागला की साथीदार हा वाटेकरी वाटायला लागतो, आणि त्याला आधाराची दुसरी जागा मिळाली की तो वाटून घेऊ शकतो.

हा नियम मला सगळ्यांत सुंदर रूपात डेन्मार्कच्या एका लहान कंपनीच्या ‘डीप रॉक गॅलेक्टिक’ या खेळात दिसला. चार बुटके खाणकामगार जमिनीखाली उतरतात. कुणीही खणलेलं खनिज एका चालत्या यंत्रात पडतं, आणि शेवटी ते चौघांचंही होतं, सारखंच. कुणी आधी उचललं याला अर्थच नाही. परिणाम असा की अनोळखी माणूस आला तर लोक त्याला हाकलत नाहीत, तो पडला तर उचलायला धावतात. तिथल्या खेळाडूंच्या चांगुलपणाची ख्याती इतकी आहे की नवशिक्यांना मुद्दाम तिकडे पाठवलं जातं. २०२४ च्या ‘हेलडायव्हर्स २’ मध्येही मोहिमेत गोळा केलेले नमुने कुणीही आणले तरी सगळ्यांच्या खात्यात जातात. त्याच वर्षी मे महिन्यात सोनीने संगणकावर हा खेळ खेळणाऱ्यांना आपलं खातं जोडणं सक्तीचं करायचं ठरवलं. ज्या देशांत ते खातं काढताच येत नव्हतं तिथले, खेळ विकत घेतलेले खेळाडू बाहेर फेकले जाणार होते. तेव्हा ज्यांना स्वतःला काहीच अडचण नव्हती त्यांनीही निषेधाचे अभिप्राय लिहिले, दोन लाखांहून जास्त. तीन-चार दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. जिथे लूट सगळ्यांची असते तिथे रागही सगळ्यांचा होतो, असं मी यावरून मानतो.

पालकांना एक फरक मात्र ओळखता यायला हवा. खेळून मिळते ती लूट वेगळी, आणि पैसे देऊन बंद पेटी विकत घेऊन आतून काय निघेल याची वाट पाहणं वेगळं. दुसरं प्रकरण जुगाराच्या फार जवळ जातं. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगार कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. मुलगा खेळतोय म्हणून रागावण्याआधी तो कशासाठी पैसे मागतोय हे विचारावं. खेळातल्या पात्राच्या रंगीत कपड्यासाठी एकदा मागणं आणि ‘पेटी उघडायला’ पुन्हापुन्हा मागणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

राहिला प्रश्न, ही सगळी जमवाजमव शेवटी कुणाची. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘डेस्टिनी २’ने काही ग्रह आणि त्यांवरच्या मोहिमा काढून टाकल्या, लोकांनी त्या पैसे देऊन घेतल्या होत्या. त्याच वर्षी आपल्याकडे २ सप्टेंबरला ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला सेवा पूर्ण थांबली. मावळातल्या, सोलापुरातल्या, गडचिरोलीतल्या ज्या पोरांनी लॉकडाऊनमध्ये त्या खेळावर मैत्री टिकवली होती, त्यांचं सगळं एका रात्रीत बंद झालं. २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन कंपनीने त्याच्या जागी ‘बीजीएमआय’ आणला तेव्हा जुनं खातं नव्या खेळात नेता आलं, आणि खेळाडूंना सगळ्यांत मोठा दिलासा याचाच होता. पुढच्या जुलैत तोही दुकानांतून हटला, मे २०२३ मध्ये परतला.

युरोपातल्या खेळाडूंनी हा प्रश्न कायद्यापर्यंत नेला. पुण्यात २००८ पासून स्टुडिओ असलेल्या युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले. विकत घेतलेली प्रतही त्यानंतर चालेना. त्यातून एक मोहीम उभी राहिली: कंपनीने सर्व्हर खुशाल बंद करावेत, पण खेळ चालू राहील अशा अवस्थेत सोडून जावं. युरोपियन नागरिक पुढाकाराच्या त्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे अशी मागणी अजून संघटितपणे पुढे आलेली नाही. ती यायला हवी. आणि ती मागताना ज्यांना सोनेरी बंदूक कधी मिळालीच नाही, त्यांची सहीही तितकीच मोजली जायला हवी.