जंजिऱ्याची गादी आणि निष्ठेचा धागा

रमजानच्या महिन्यात मोरोक्कोच्या राजवाड्यात दरवर्षी धार्मिक व्याख्याने होतात. राजे हसन दुसरे यांनी १९६३ मध्ये ही प्रथा सुरू केली. विद्वान उंच आसनावर बसतो आणि राजा, मंत्री व सेनाधिकारी खाली बसून ऐकतात. पण हा राजा नुसता श्रोता नाही. देशाच्या राज्यघटनेनेच त्याला ‘अमीर अल-मोमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा प्रमुख, मानले आहे. तिथे निवडणुका होतात, पंतप्रधानही असतो; तरी राजवाड्याभोवतीच्या सत्तेला लोक आजही जुन्याच नावाने ओळखतात: मखजन. या शब्दाचा अर्थ कोठार. आपला ‘खजिना’ही त्याच अरबी धातूतून आला. जिथे धान्य आणि कर जमा होतो, तिथून मानमरातब वाटले जातात. आणि ज्याला वाटा मिळतो, तो बांधला जातो.

हे बांधणे पक्के होते बैअतीने, म्हणजे निष्ठेच्या शपथेने. हा शब्द खरेदी-विक्रीच्या धातूतून आला आहे. घराच्या व्यवहारात आपण ‘बयाणा’ देतो, तोही त्याच घराण्यातला. म्हणजे शपथ एकतर्फी नसते. प्रजेने निष्ठा द्यायची आणि राजाने संरक्षण व न्याय.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी उभारलेली अशीच एक सत्ता चिंचपोकळीच्या शेजारी येऊन गेली आहे. स्टेशनातून एका बाजूला माझगाव लागते, दुसऱ्या बाजूला शिवडी. १६८९ मध्ये जंजिऱ्याचे सिद्दी शिवडीला उतरले, माझगाव त्यांनी घेतले आणि इंग्रजांना मुंबईच्या किल्ल्यात कोंडले. १६९० मध्ये कंपनीने औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा कुठे वेढा उठला. समुद्रावर जहाजे सिद्दींची होती, पण हुकूम बादशहाचा होता.

सिद्दी मोरोक्कोचे नव्हेत. त्यांची मुळे हबशाण आणि पूर्व आफ्रिकेत. अनेकांचे पूर्वज गुलाम म्हणून दख्खनमध्ये आले आणि शौर्याच्या बळावर सरदार झाले. सारे मुलूख सोडून आलेले, त्यामुळे रक्ताच्या नात्यापेक्षा सोबतीचे नाते त्यांना मोठे. जंजिऱ्याची गादी सुरुवातीला बापाकडून मुलाकडे जात नसे. प्रमुख ठरवण्यात सरदारांचा शब्द चाले. १६७० च्या सुमारास फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करायला निघाला, तेव्हा त्याच्याच सोबत्यांनी त्याला कैद केले. मग वाटणी झाली: सिद्दी संबूलकडे आरमार, सिद्दी कासिमकडे जंजिरा, सिद्दी खैरियतकडे दंडा-राजपुरी. बादशहाकडून ‘याकूत खान’ हा किताब आला. कोठार दिल्लीचे, तलवार हबशी सरदारांची.

या जाळ्यात हिंदू-मुसलमान अशी सरळ रेघ नव्हती. चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाचे ब्रह्मेंद्रस्वामी हे कान्होजी आंग्रे आणि बाजीराव पेशवे यांचे गुरू. त्यांना जंजिऱ्याच्या सिद्दींचाही आश्रय होता. देवस्थानाची पूजा चालावी ही राज्यकर्त्याची जबाबदारी मानली जाई. हाही मखजनसारखाच व्यवहार: संरक्षण द्यायचे, मान घ्यायचा.

१७२७ मध्ये तो व्यवहार मोडला. एका हत्तीवरून गैरसमज वाढला आणि अंजनवेलचा अधिकारी सिद्दी सात याने परशुरामाच्या मंदिरावर हल्ला केला, लूट केली. जंजिऱ्याचा प्रमुख सिद्दी रसूल याला याची झळ लगेच कळली. त्याने स्वामींची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. पण स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि छत्रपती शाहू व बाजीरावांकडे सिद्दीविरुद्ध मोहिमेचा आग्रह धरू लागले.

पुढचे सारे झपाट्याने झाले. १७३३ मध्ये सिद्दी रसूल वारला. गादीवरून घरातच भांडण पेटले आणि अब्दुल रहमान पेशव्यांच्या बाजूला गेला. त्याच वर्षी रायगड सिद्दींच्या हातून सुटून पुन्हा मराठ्यांकडे आला. १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजीअप्पांच्या फौजेने सिद्दी सातला ठार केले. अब्दुल रहमानला गादी मिळाली, पण मुलूख निम्म्यावर आला. तोफांना आणि भरतीला न नमलेला जलदुर्ग तेवढा अजिंक्य राहिला.

म्हणजे सिद्दींची सत्ता खिळखिळी झाली ती किल्ल्याची भिंत पडून नव्हे. एका अंमलदाराने दिलेला शब्द मोडला, आणि वरच्याला त्याला वेळेवर आवरता आले नाही. बैअतीत विकत घेतलेला विश्वास एका दिवसात खर्च झाला. तो पुन्हा भरायला खजिना पुरला नाही.

१९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आता मुरूडच्या किनाऱ्यावरून होडीने पर्यटक किल्ल्यात जातात. राजे गेले, तरी हिशेब तोच आहे. रमजानमध्ये मौलाना वारंवार सांगतात की हाती आलेला अधिकार ही अमानत असते. नगरसेवक असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो की मशिदीचा आणि मंडळाचा विश्वस्त, लोकांनी त्याच्या हाती बयाणा ठेवलेला असतो. आपल्या माणसाने दुसऱ्याच्या दारात आगळीक केली, तर त्याला आवरण्याची जबाबदारी आधी आपली. जंजिऱ्याने ती चुकवली आणि निम्मे राज्य गमावले.